ताबो: आत जाऊन पाहाच

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात काझा गावाला जाताना ताबोला थांबायची गरज नाही, तिथे नुसती मातीची बैठी घरं आहेत, असं एकांनी लिहिलंय. बाहेरून तसंच दिसतं खरं! पण या छोट्या गावातला बौद्ध विहार इ.स. ९९६ चा आहे. पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो उभारला आणि रिन्चेन झांग्पो या भाषांतरकार भिक्षूचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. ४६ वर्षांनी राजाच्या भावाचा नातू जांगचुब-ओ याने डागडुजी केली, तसा लेख आतल्या भिंतीवरच आहे.

मुख्य मंदिरात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की मधोमध वैरोचन बुद्ध दिसतो, चार दिशांना तोंड केलेल्या चार आकृती पाठीला पाठ लावून बसलेल्या. भोवतीच्या भिंतींवर डोक्याच्या वर, माणसाएवढ्या ३२ मातीच्या देवता जणू अधांतरी बसल्यात. म्हणजे वज्रधातु मंडल (मधे वैरोचन आणि भोवती देवता अशी रचना) इथे कापडावर रंगवलेलं नाही, आपण त्याच्या आतच उभे असतो. खालच्या पट्ट्यात एका बाजूला सुधनाची, म्हणजे बौद्ध कथेतल्या ज्ञान शोधत फिरणाऱ्या तरुणाची यात्रा, दुसरीकडे बुद्धचरित्र. मला सुधनाची बाजू जास्त आवडली, चित्रातले कपडे, घोडे, घरं बघत वेळ कसा जातो कळत नाही.

१९७५ च्या किन्नौर भूकंपात इमारतींचं नुकसान झालं. नंतर शेजारी नवीन प्रार्थनागृह बांधलं, १९८३ मध्ये दलाई लामांनी इथे कालचक्र ही तिबेटी बौद्ध परंपरेतली दीक्षा दिली.

आत फोटो काढू देत नाहीत. छोटी टॉर्च मात्र जवळ असू द्या.