डीबी दाराजवळ हवी, पण भिंत कोणती?
वर्कशॉपची डीबी (मेन स्विच आणि ब्रेकर असलेला विजेचा बॉक्स) दाराजवळ हवी असं वरच्या चर्चेत म्हटलंय, ते पूर्ण पटलं. वायर वाचते म्हणून ती टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या गोल करवतीच्या) मागच्या भिंतीवर लावा असंही तिथे कुणी सुचवलंय, ते मात्र कृपा करून करू नका. लाकूड अडकलं की मेन स्विच पाडायला फिरत्या पात्यावरून हात न्यावा लागेल, आणि बारीक भुसा सगळा बॉक्सवर बसेल तो वेगळाच.

पण भिंत कोणती, हे अजून कुणी बोललं नाही. आमचं वर्कशॉप चिपळूणजवळ. मी डीबी दाराशेजारीच लावली होती, पण पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर. पावसाचा मारा नेमका तिथेच. दुसऱ्या पावसाळ्यात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) रोज ट्रिप व्हायला लागला. मला वाटलं ग्राइंडर गेला. शेवटी मीटरकडचा पुरवठा तोडून वायरमनने झाकण उघडलं, तर बाहेरून येणाऱ्या पाइपातून पाणी थेंबथेंब आत येत होतं आणि न्यूट्रल लिंकचे (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीचे) स्क्रू हिरवे पडले होते. आरसीसीबी नसता तर काय झालं असतं, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

आता डीबी घराला लागून असलेल्या आतल्या कोरड्या भिंतीवर आहे, छातीच्या उंचीवर. पाइप बॉक्समध्ये खालून घेतलाय, आणि बाहेर भिंतीत शिरण्याआधी वायरला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. डीबीच्या पुढे निदान दोन हात जागा मोकळी ठेवा. आमच्याकडे तिथे प्लायवूड टेकवायला सक्त मनाई आहे.