दुकानदार म्हणतो चालतं, म्हणून कमी ओहमचा स्पीकर टाकायचा का?

अमळनेरचा कीबोर्डवाला:
राम राम मंडळी. आमची छोटी बँजो पार्टी आहे, बँजो आणि कीबोर्ड एकाच 100 वॅटच्या मशीनवर (अँपवर) चालतो, आत 10 इंची दोन स्पीकर, दोन्ही 8 ओहमचे (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा), पॅरलल जोडलेले, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, म्हणजे मशीनला दिसतात 4 ओहम, आणि मागे जॅकजवळ तसंच छापलेलं आहे की कमीत कमी 4. एप्रिलात चोपड्याकडच्या एका हळदीत एक स्पीकर फाटला. लग्नसराई ऐन भरात, मी धावतपळत जळगाव गाठलं, दुकानदाराने मॅग्नेट केवढा मोठा ते दाखवलं, वॅट दाखवले, म्हणे जोडीच घेऊन जा. जोडीतला एकेक 4 ओहमचा होता, म्हणजे पॅरललमध्ये मशीनला दिसणार 2. मी विचारलं हो, विचारलं नाही असं नाही, तर म्हणे काही होत नाही, उलट आवाज वाढेल. आणि वाढला पण. तिसऱ्या लग्नात भर वरातीत मशीन बंद, आऊटपुटचे ट्रान्झिस्टर गेले, नवरदेव घोड्यावर आणि आम्ही नुसते ढोलकीवर. फार वाईट वाटलं त्या दिवशी. माझं मत सरळ आहे, स्पीकर बदलताना आधी ओहम बघा, मग इंच, मग वॅट, आणि मॅग्नेट सगळ्यात शेवटी.

भुसावळ साऊंड:
भाऊ, वरातीचं ऐकून वाईट वाटलं, पण सगळं ओहमवर ढकलू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, मशीन टेम्पोत, वरून ताडपत्री, हवा जायला जागा नाही, अशात कोणताही स्पीकर लावा, ट्रान्झिस्टर जाणारच. माझ्या कॅबिनेटमध्ये 4-4 ओहमचे दोन स्पीकर सहा वर्षांपासून वाजताहेत, आजपर्यंत फ्यूज पण उडाला नाही. आणि ओहम म्हणजे काय दगडावरची रेघ आहे का? स्वर बदलला की तो बदलतो, खाली एका ठिकाणी तर 8 चा स्पीकर 40-50 ओहमवर जातो. मग 4 की 8 यावर एवढं कशाला भांडायचं. गिऱ्हाईक पैसे आवाजाचे देतं.

धुळ्याचा रिपेअरवाला:
ओहम स्वराप्रमाणे बदलतो हे बरोबर, पण भो, तो वर कितीही गेला तरी मशीनला त्रास नाही, मशीन मरतं ते खाली आल्यावर, आणि स्पीकरवर जो आकडा लिहितात तो साधारण त्या खालच्या टोकाजवळचाच असतो. हिशोब बघा. 100 वॅट 4 ओहमवर म्हणजे 20 व्होल्ट आणि 5 अँपिअर. त्याच 20 व्होल्टला 2 ओहम लावले की मशीनकडे 10 अँपिअर मागितले जातात. तेवढं द्यायला ना ट्रान्सफॉर्मर केलेला आहे ना हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणारी पट्टी. उन्हाचं तुमचं म्हणणं मी नाकारत नाही, उन्हाळ्यातच माझ्या टेबलावर जास्त मशीन येतात, पण ऊन फक्त उरलीसुरली सवड खातं, ओहम बरोबर असेल तर मशीन त्यातून निघतं.

अमळनेरचा कीबोर्डवाला:
मला तेच म्हणायचं होतं, ऊन मागच्या वर्षी पण होतं आणि मशीन पण तेच होतं.

पारोळा बँजो:
मग ती 4 ची जोडी फेकून देणार का? पैसे गेलेत त्यात. सिरीज करून टाका, एकामागे एक जोडा, 4 आणि 4 आठ, मशीन थंड राहील.

भुसावळ साऊंड:
आणि 100 चे 50 वॅट होतील ते? वरातीत निम्मा आवाज घेऊन कोण उभं करेल?

धुळ्याचा रिपेअरवाला:
काय सांगी राहिना भाऊ! वॅट निम्मे झाले म्हणजे आवाज निम्मा होत नाही, 3 डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) उतरतो, कानाला जरासं कमी लागतं. निम्मा वाटायला वॅट दहावा हिस्सा व्हावे लागतात. उलट स्पीकर घेताना एक वॅटला एक मीटरवर किती डीबी हा आकडा विचारा, तो आपल्याकडे कोणीच विचारत नाही. 94 च्या जागी 97 डीबीचा घेतला तर सिरीजमध्ये गेलेलं सगळं परत मिळतं, ते पण मशीनवर जोर न देता. आणि एकच फाटला असेल तर त्याच्या जोडीला वेगळ्या ओहमचा लावू नका, पॅरललमध्ये 8 च्या शेजारी 4 चा बसवला की तो 4 चा एकटा दुप्पट वॅट ओढतो, आणि आधी तोच जळतो.

नंदुरबार गिटार:
एक गोष्ट घालतो, नाहीतर कोणी तरी हे वाचून ट्यूबवाल्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, अँपची वाट लावेल. हे कमीत कमी 4, वर कितीही चालेल, हे ट्रान्झिस्टरवाल्यांसाठी. ट्यूबमध्ये मधे आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या 8 ओहमच्या टॅपला (जोडणीच्या टोकाला) 8 च लावायचा, आणि स्पीकर न जोडता तर कधीच चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. फेंडर ट्विन रिव्हर्ब या ट्यूब अँपमध्ये 8 चे दोन पॅरललच असतात, 4 ओहम. तिथे सिरीज करून 16 करू नका.

भुसावळ साऊंड:
नंदुरबारवाले, हे ट्यूबचं मला माहीत नव्हतं, चांगलं सांगितलं. पण माझी सहा वर्षं कोणी खोडून दाखवा. 2 ओहमवर चालतंय की नाही?

धुळ्याचा रिपेअरवाला:
मीटर आहे ना तुमच्याकडे? मशीनपासून वायर काढा, कॅबिनेटच्या जॅकवर मोजा. मीटर नेहमी लिहिल्यापेक्षा थोडं कमी दाखवतं, 8 चा स्पीकर साडेसहाच्या आसपास येतो, 4 चा तीन-सव्वातीन. तुमचं पॅरलल असेल तर दीडच्या जवळपास आलं पाहिजे. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून वायरीचा आकडा बघा आणि तो वजा करा.

भुसावळ साऊंड:
मोजलं. 6.4 आलं. विश्वास बसला नाही म्हणून मागची फळी उघडली. ज्याच्याकडून कॅबिनेट घेतलं त्याने सिरीज केलेलं आहे, एकाच्या मायनसवरून दुसऱ्याच्या प्लसवर वायर गेलेली आहे. म्हणजे सहा वर्षं मी 8 ओहमवरच वाजवत होतो. कीबोर्डवाले भाऊ, तुमच्या मशीनबद्दल जे म्हटलं ते मागे घेतो. ताडपत्रीचं मात्र घेत नाही, ती काढाच. आणि तुमची 4 ची जोडी विकायची असेल तर सांगा, माझ्या दुसऱ्या डब्यात सिरीजला बसेल.

अमळनेरचा कीबोर्डवाला:
घेऊन जा. ट्रान्झिस्टर बसवून झाले, 8 चे दोन उद्या येताहेत, बसवताना प्लस-मायनस उलटं होऊ नये म्हणून पेन्सिल सेल लावून दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच बाजूला सरकतात का तेवढं बघणार आणि रविवारी धरणगावला वाजवणार.