प्रति: सीओपीडीत इओसिनोफिल किती म्हणजे जास्त?

‘इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) ६ टक्के आले, म्हणजे स्टेरॉइडचा पंप हवाच’ असं या चर्चेत लिहिलंय, ते अर्धंच बरोबर. सीओपीडीत (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार) टक्के नव्हे, प्रत्यक्ष संख्या बघतात: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्के, भागिले १००. तेच ६ टक्के, पण एकूण पेशी ४,५०० असतील तर २७० आणि ११,००० असतील तर ६६०. ‘गोल्ड’ या सीओपीडीवरच्या जागतिक तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३०० किंवा जास्त असतील आणि दम वारंवार उसळत असेल, तर पंपातल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. १०० च्या खाली उपयोग फारसा नाही, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो.

रक्त कधी दिलं, हे मात्र इथे कुणीच विचारलं नाही. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की हा आकडा काही तासांतच कोसळतो, कधी पार शून्यावर येतो. त्यामुळे दम उसळून ॲडमिट असतानाच्या रिपोर्टवर पंप ठरवू नये. उलट बाजूने जंत किंवा ॲलर्जी असेल तर फुफ्फुसाशी संबंध नसतानाही तो वाढतो. (हजारांत गेला तर वेगळीच कारणं शोधावी लागतात.) तब्येत स्थिर असताना, गोळ्या थांबून काही आठवडे झाल्यावर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) पुन्हा करा आणि जुने रिपोर्टही डॉक्टरांना दाखवा. चालू पंप मात्र आकडा बघून स्वतःच बंद करू नका.