टाचणात न बसलेली वजाबाकी

पाठाचं टाचण, म्हणजे शिकवण्याआधी लिहून काढलेला आराखडा, वहीतच राहतं, असं एका शिक्षिका ताईंनी लिहिलंय, ते शंभर टक्के पटलं. माझी डी.एड.ची, म्हणजे शिक्षक पदविकेची, आंतरवासिता (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) जिल्हा परिषदेच्या दुशिक्षकी शाळेत झाली, पहिली-दुसरी एकाच खोलीत. हातच्याच्या वजाबाकीसाठी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून नेले होते. 42 वजा 17. दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर एक पोरगी म्हणाली, "सर, शेजारून उसने आणू?" मी खूश! पण गठ्ठा सोडताच पहिलीवाल्यांनी तीन काड्या पळवल्या आणि तेवढ्यात खिचडीची घंटा. मागे बसून माझा पाठ बघणाऱ्या मॅडमचा शेरा : 'फलकलेखन सुधारा.' काड्यांबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पोरीने न सांगता रबर काढलं, दहा सुट्या मोजल्या आणि उरलेले गठ्ठे मांडीखाली दाबून बसली.