लॉवेल गाव कसं हाय? मॅसॅच्युसेट्सले कोणी राह्यलं का?

सरकीवाला
नमस्कार मंडळी. माह्या बहिणीची पोरगी ऑगस्टमधे शिकाले अमेरिकेत चालली, बोस्टनपासून चाळीसेक किलोमीटरवर लॉवेल म्हणून गाव हाय. बहीण रोज विचारते तिथले लोक कसे, पोटापाण्याले काय करतात. मोबाईलवर पाह्यलं तं कापडाच्या मिलचंच गाव निघालं! बाबा सव्वीस वर्षं मिलमधे साच्यावर, म्हंजे कापड विणायच्या मागावर होते म्हणून मले जास्तच जीव लागला त्याच्यात. माहीत असन तं नीट सांगा.

वर्धेची लेक
दादा, मी चार वर्षं होती तिथे. मेरिमॅक नदीचं पाणी तिथे ३२ फूट खाली पडते, त्याच्या जोरावर १८२० नंतर मिला उभ्या झाल्या, कालवे खोदले आयरिश मजुरांनी. आणि साच्यांवर कोण, तर शेतकऱ्यांच्या पोरी! बहुतेक पंधरा ते तिशीतल्या, खेड्यातून आलेल्या, कंपनीच्याच खानावळीत राहायच्या, घंटेवर उठायचं घंटेवर जेवायचं, आठवड्याचे सरासरी ७३ तास काम. सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद, हवेत नुसता कापूस. १८३४ मधे मजुरी कापली तर काम टाकून रस्त्यावर आल्या, १८३६ मधे खानावळीचे पैसे वाढवले तर पुन्हा. साराह बॅगली म्हणून होती त्यांच्यातलीच, तिने दहा तासांच्या दिवसासाठी सह्या जमवल्या, १८४५ मधे विधिमंडळापुढे जाऊन सांगितलं. बायांसाठी तसा कायदा झाला १८७४ ले! मला त्या पोरींचा फार अभिमान वाटतो.
आता मिला बंद आहेत, काही इमारतीत फ्लॅट झाले. लोक दवाखाने, युनिव्हर्सिटी, दुकानं यात कामाला. वस्ती सव्वा लाखाच्या आत, कंबोडियातून जीव वाचवून आलेली कुटुंबं भरपूर, भात मसाले सगळं मिळते. पोरगी एकटी नाही पडणार.

जिनिंगवाला अकोट
ताई एक राह्यलं. त्या साच्यावरचा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गुलामांनी वेचलेला होता, अन् लॉवेलचं जाडंभरडं कापड त्याच गुलामांच्या अंगावर जाये. मग १८६१ ते ६५ तिकडं उत्तर अन् दक्षिणेत युद्ध झालं, इंग्लंडच्या मिलांले जाणारा तिकडचा कापूस अडला, तं इंग्रजांनी वऱ्हाडाकडं पाह्यलं. खामगावले १८७० मधे रेल्वे आली ते कापसासाठीच. आपल्या वावराचा अन् त्या गावाचा संबंध जुना हाय भाऊ.

सरकीवाला
बाबाले सगळं वाचून दाखवलं. खिडक्या बंदचं ऐकलं तं म्हणे आमच्या साचेखात्यातबी तसंच, घामानं बनियन पिळून निघे. मंग स्वतःच नातीले फोन लावला. ताई, थंडीचे कपडे इकडूनच घेऊ का?

वर्धेची लेक
जाड जाकीट तिकडेच घ्या दादा, इकडचं त्या बर्फाले पुरत नाही. आतले गरम कपडे मात्र इथून न्या. आणि लॉवेलमधे ‘बूट’ नावाच्या जुन्या कापड मिलचं म्युझियम आहे, जुने साचे चालवून दाखवतात, कानात बोळे घालावे लागतात इतका आवाज. बाबांना व्हिडिओ कॉलवर ऐकवायला सांगा तिला.

सरकीवाला
सांगतो. बाबा आत्ताच विचारून राह्यले रविवारी चालू असते का म्हणून.