स्टुटगार्टहून शनिवार-रविवारात पाच देशांची मोटारसहल: मुलांना काय विचारावे?

गोरेगावची आई

नमस्कार. माझी मुलगी गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस पदव्युत्तर शिक्षणासाठी स्टुटगार्टला गेली. येत्या जूनमध्ये ती आणि तिच्या वर्गातले आणखी चार जण मिळून भाड्याच्या मोटारीने एक दौरा करणार आहेत. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचे व्याख्यान संपले की निघायचे, स्ट्रासबर्ग, लक्झेंबर्ग, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोन असे वर्तुळ पूर्ण करायचे आणि रविवारी रात्री परत यायचे, कारण सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत हजर राहायचे असते. नकाशावर मोजले तर हे अंतर १,४०० किलोमीटरच्या आसपास भरते. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन लगेच उलट यावे आणि वाटेत पाच शहरेही पाहावीत, असा हा बेत झाला.

गाडी तिघे आळीपाळीने चालवणार आहेत: माझी मुलगी, ठाण्याचा एक मुलगा आणि रोमानियाचा एक सहाध्यायी. मुलीने जाण्यापूर्वी येथील आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता आणि त्याची एक वर्षाची मुदत अजून संपलेली नाही. येथे ती आमची गाडी पश्चिम द्रुतगती मार्गावर नियमित चालवत असे आणि द्रुतगती महामार्गाने पुण्यालाही गेलेली आहे, परंतु उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीत तिने अजून स्टिअरिंग हाती घेतलेले नाही. मुक्कामाची सोय फक्त शनिवारची, ॲमस्टरडॅमच्या एका हॉस्टेलात झाली आहे. शुक्रवारची रात्र गाडीतच काढू, असे मुले म्हणतात.

माझ्या यजमानांचे मत आहे की सरळ नाही म्हणावे. मला ते पटत नाही. तिकडे गेल्यापासून तिने अभ्यास आणि अर्धवेळ काम यांपलीकडे फारसे काही केलेले नाही, आणि ही मैत्री तिला परक्या शहरात आधार देणारी ठरली आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवलेल्या बँक खात्यातून, महिन्याला मिळणाऱ्या ९९२ युरोंतून तिने स्वतः पैसे बाजूला ठेवले आहेत. मला तिला अडवायचे नाही, पण फोनवर नेमके काय विचारावे, कोणत्या गोष्टीवर ठाम राहावे आणि कोणती गोष्ट तिच्यावर सोडून द्यावी, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

कांदिवलीकर

ताई, सर्वांत आधी परवान्याचा प्रश्न सोडवा, कारण बाकी सगळा बेत त्यावर उभा आहे. आंतरराष्ट्रीय परवान्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असते आणि त्यामुळे पुष्कळ विद्यार्थ्यांचा असा समज होतो की वर्षभर गाडी चालवता येते. जर्मनीतला नियम वेगळा आहे. तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच भारतीय परवाना चालतो, आणि आंतरराष्ट्रीय परवाना हे मूळ परवान्याचे भाषांतर असल्यामुळे तो या सहा महिन्यांना एक दिवसही वाढवून देत नाही. एकूण मुक्काम एका वर्षापेक्षा अधिक नसेल तर मुदतवाढ मागता येते, परंतु दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेलेल्यांना तिचा उपयोग नाही. आपली मुलगी सप्टेंबरअखेर गेली, म्हणजे तिची मुदत मार्चअखेर संपली. ठाण्याचा मुलगा तिच्याबरोबरच गेला असेल तर त्याचीही संपली.

मुदतीनंतर गाडी चालवणे म्हणजे तेथील कायद्याने विनापरवाना गाडी चालवणे, आणि तो दंडाची पावती फाडून मिटणारा प्रकार नसून फौजदारी गुन्हा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानभरपाईची रक्कम चालकाकडून वसूल करू पाहते. विद्यार्थ्याच्या निवास परवान्याच्या नूतनीकरणावरही अशा नोंदीची सावली पडू शकते. गाडी भाड्याने देणाऱ्याने परवाना पाहून किल्ली हातात दिली, म्हणजे सगळे कायदेशीर झाले, असे मुलांनी मुळीच समजू नये. परवाना किती महिने चालतो हे पाहण्याची जबाबदारी चालकाची असते.

पुढे तिला तेथे गाडी चालवायचीच असेल तर जर्मन परवाना काढावा लागेल. भारतीय परवानाधारकाला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवख्या उमेदवाराप्रमाणे सक्तीचे वर्ग मात्र पूर्ण करावे लागत नाहीत. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते.

रोमानियाच्या मुलाचा परवाना युरोपीय संघातला असल्यामुळे तो या सर्व देशांत चालतो. त्याचे वय पंचविशीच्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी तरुण चालकासाठी वेगळा आकार लावतात, आणि अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट कार्ड पुष्कळदा नाकारले जाते. गाडी कोणकोणत्या देशांत नेणार, हेही करार करतानाच सांगून ठेवावे.

माजी स्टुटगार्टकर, विलेपार्ले

कांदिवलीकरांनी लिहिलेले शब्दशः खरे आहे, आणि त्यातून निघणारा पुढचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. तीन चालकांपैकी दोघे बाद झाले म्हणजे ते १,४०० किलोमीटर एकट्या रोमानियन मुलाच्या अंगावर पडतात. कुठेही कोंडी न लागता हा किमान सोळा-सतरा तासांचा प्रवास आहे, आणि जूनमधल्या शनिवार-रविवारी कोंडी हमखास लागते. युरोपीय संघात मालमोटार चालवणाऱ्या व्यावसायिकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाचे चालवणे साधारणपणे ९ तासांवर थांबते. ज्याचा तो पेशा आहे त्याच्यासाठी ही मर्यादा असेल, तर दिवसभर व्याख्यानांना बसून संध्याकाळी निघालेल्या, आदली रात्र कदाचित प्रकल्प पूर्ण करण्यात घालवलेल्या विद्यार्थ्याकडून आपण किती अपेक्षा करावी? शुक्रवारची रात्र गाडीत काढायची म्हणजे शनिवारी सकाळी हा मुलगा न झोपलेला असणार. ताई, तुम्ही ठाम राहायचेच असेल तर या एका गोष्टीवर राहा.

ऑटोबानविषयी, म्हणजे जर्मनीतल्या द्रुतगती महामार्गांविषयी, आपल्याकडे वेगमर्यादा नसल्याचेच कौतुक अधिक होते. तेथे सर्वत्र मोकळीक नाही. जेथे आहे तेथेही ताशी १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. मला तेथे वेगापेक्षा शिस्त अधिक कठीण वाटली. उजवी मार्गिका मोकळी असेल तर उजवीकडेच राहायचे, ओलांडायचे ते फक्त डावीकडून, आणि ओलांडण्यासाठी डावीकडे वळण्यापूर्वी आरशात दूरवर पाहायचे, कारण ठिपक्यासारखी दिसणारी गाडी काही क्षणांत अगदी मागे येऊन ठेपते. वाहतूक तुंबू लागली की सर्वांत डाव्या मार्गिकेतील गाड्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मधला रस्ता मोकळा ठेवायचा असतो, आणि तो गाड्या पूर्ण थांबण्यापूर्वीच करायचा असतो. गाडी न चालवणाऱ्या चौघांनाही हे ठाऊक असावे. चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपू नये, हा नियम तर मुलांनी आपापसांत आधीच ठरवून घ्यावा.

आता गोंधळाविषयी. आम्ही सहाध्यायी मिळून असेच शनिवार-रविवारी व्हेनिसला गेलो होतो. ऑस्ट्रियातील फर्नपास घाटात शनिवारच्या गर्दीत गाड्या इतक्या रेंगाळल्या की आम्हाला पोहोचायला मध्यरात्र झाली, तोवर मुक्कामाच्या ठिकाणचा स्वागतकक्ष बंद झालेला होता, आणि आतल्या एका प्रवाशाने दार उघडले म्हणून आम्ही आत गेलो. परतताना इटलीच्या महामार्गावर एका मैत्रिणीची पिशवी उपाहारगृहात राहिली आणि तिच्यात पासपोर्ट होता. अशा महामार्गावर हवे तेथे वळता येत नाही. पुढच्या फाट्याला बाहेर पडायचे, टोल द्यायचा, उलट दिशेने ते उपाहारगृह ओलांडून मागच्या फाट्यापर्यंत जायचे आणि तेथून पुन्हा योग्य बाजूने यायचे. गल्ल्यावरच्या बाईंनी पिशवी जपून ठेवली होती. त्या दोन तासांत गाडीत कोणी कोणाला बोल लावला नाही, एकाने वेळापत्रक नव्याने मांडले आणि दुसऱ्याने मैत्रिणीला धीर दिला. तेव्हाची ती माणसे आज वेगवेगळ्या खंडांत आहेत आणि अडचणीत मी अजूनही त्यांनाच फोन करतो. म्हणून म्हणतो, गोंधळाला भिऊन नाही म्हणू नका. वेळ हाताशी असेल तर गोंधळ निस्तरता येतो. वेळापत्रकात एका तासाचीही सवड नसेल तर तोच गोंधळ चालकाला वेग वाढवायला भाग पाडतो.

पाच देशांऐवजी तीन करा. शुक्रवारी फक्त स्ट्रासबर्गपर्यंत, म्हणजे दीडशे किलोमीटर, आणि तेथे पलंगावर झोप. शनिवारी फ्रान्समधल्या मेट्स शहरामार्गे लक्झेंबर्ग. रविवारी जर्मनीतले ट्रियर शहर पाहून परत. सगळे मिळून साधारण साडेसातशे किलोमीटर होतात. मेट्सहून लक्झेंबर्गकडे जाताना मोझेल नदीकाठी शेंगेन हे छोटे गाव लागते. १४ जून १९८५ रोजी ज्या कराराने पुढे या देशांमधील सीमा खुल्या झाल्या, त्यावर तेथेच नदीतल्या एका बोटीवर सह्या झाल्या. ज्यांच्या पासपोर्टवर त्या गावाच्या नावाचे नियम लागू होतात अशा आपल्या मुलांनी ते गाव पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मुलुंडचे बाबा

माझे मत थोडे वेगळे आहे. एकच चालक असेल तर मोटार हवीच कशाला? जर्मनीभर चालणाऱ्या मासिक तिकिटावर, ज्याला मुले ‘डॉइचलांड तिकीट’ म्हणतात, प्रादेशिक रेल्वेगाड्यांनी केल या सीमेवरच्या जर्मन गावापर्यंत जाता येते आणि तेथून ऱ्हाईन ओलांडणारी ट्राम थेट स्ट्रासबर्गमध्ये नेते. ऑस्ट्रियातले साल्झबुर्गही त्याच तिकिटावर गाठता येते. माझा मुलगा दोन्हीकडे असाच गेला. रेल्वेत पाचही जण झोपू शकतात, हा लाभ मोटारीत नाही.

माजी स्टुटगार्टकर, विलेपार्ले

दोन मोठ्या शहरांमधल्या प्रवासासाठी आपले म्हणणे योग्य आहे आणि ॲमस्टरडॅम त्यांनी पुढे कधीतरी रेल्वेनेच करावे. शेंगेन किंवा मोझेलकाठची द्राक्षमळ्यांची गावे पाहायची असतील तर मात्र मोटारीला पर्याय नाही, कारण रविवारी तिकडे सार्वजनिक वाहने विरळ असतात.

गोरेगावची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मुलीशी सविस्तर बोलले. परवान्याच्या सहा महिन्यांविषयी तिला खरोखरच ठाऊक नव्हते. तिने ठाण्याच्या मुलालाही लगेच कळवले. रोमानियाच्या मुलाला कमी अंतराचा बेत ऐकून बरे वाटले, असे ती म्हणाली. ब्रसेल्स आणि ॲमस्टरडॅम गळल्यामुळे एक जण नाराज आहे, पण तो येणार आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. सीमेवर खरोखर तपासणी होते का? आणि वाटेत कोणी आजारी पडले तर काय?

कांदिवलीकर

होते, ताई. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली. प्रत्येक गाडी थांबवत नाहीत, परंतु परततांना थांबवले तर पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात दाखवावे लागतात; मोबाइलमधले छायाचित्र पुरत नाही. पाचांपैकी कोणाचे कार्ड अजून आलेले नसेल आणि हाती केवळ तात्पुरता कागद असेल, तर त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येते का, हे त्याने विदेशी नागरिक कार्यालयाकडून निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. सगळेच कागद तशी मुभा देत नाहीत.

आजारपणाचे म्हणाल तर जर्मनीतल्या सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय कार्ड छापलेले असते आणि ते फ्रान्स व लक्झेंबर्गमध्ये तातडीच्या उपचारांसाठी चालते. ज्यांचा विमा खासगी आहे त्यांनी अटी वाचून घ्याव्यात. तातडीच्या मदतीसाठी तिन्ही देशांत ११२ हा एकच क्रमांक आहे.

माजी स्टुटगार्टकर, विलेपार्ले

स्ट्रासबर्गमध्ये गाडी शहरात न नेता ट्रामच्या टोकाच्या थांब्याजवळील वाहनतळावर लावावी. तेथील शुल्कातच गाडीतल्या सर्वांचे ट्रामचे तिकीट येते. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वे सर्वांसाठी विनामूल्य आहेत, त्यामुळे तेथेही गाडी बाहेरच ठेवावी, आणि निघताना टाकी तेथेच भरून घ्यावी, कारण इंधन जर्मनीपेक्षा स्वस्त मिळते. रविवारी जर्मनीतली दुकाने बंद असतात, म्हणून ट्रियरसाठी पाव, फळे आणि पाणी शनिवारीच घेऊन ठेवावे. ट्रियरमधले रोमन काळातले पोर्टा निग्रा हे महाद्वार सकाळी पाहून होते. रविवारी दिवसा मालमोटारींना बंदी असल्यामुळे रस्ता हलका असतो, पण संध्याकाळी सुट्टीवरून परतणाऱ्यांची गर्दी होते. तेव्हा जेवून दोनच्या सुमारास निघाले तर मुले उजेडातच स्टुटगार्टला पोहोचतील आणि गाडी परत करण्यापूर्वी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढण्याइतका वेळही त्यांच्या हाती राहील.