बागेत सायकल: बंदी हवी की नियम?

गिरणाकाठ

आमच्या कॉलनीशेजारच्या बागेच्या फाटकावर नवी पाटी लागली आहे: 'उद्यानात सायकल आणण्यास सक्त मनाई. आदेशावरून.' कोणाचा आदेश, कोणत्या नियमाखाली, दंड किती, काहीच लिहिलेलं नाही. परवा माझा भाचा त्याची 16 इंची सायकल घेऊन आत गेला, तर वॉचमनने मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढून हवा सोडली आणि व्हॉल्व्ह खिशात घातला. पोरगा सायकल ढकलत घरी आला. सात वर्षांचं लेकरू ते.

माझं म्हणणं एवढंच की बंदी नको, नियम करा, आणि तो रीतसर करा. बागा आणि क्रीडांगणं हा विषय 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीत आला. तेव्हा हे काम पालिकेचंच, त्यात वाद नाही. पण महापालिकांसाठी 1949 चा अधिनियम आहे, नगरपरिषदांसाठी 1965 चा, आणि उपविधी, म्हणजे पालिकेचे स्वतःचे नियम, कसे करायचे हे त्यांत दिलेलं आहे. मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हरकती मागवायच्या, त्यावर शासनाची मंजुरी घ्यायची. पाटी रंगवून फाटकाला ठोकली म्हणजे उपविधी झाला, असं होत नाही.

आणि बागेत नाही तर पोरांनी सायकल चालवायची कुठे? जळगावच बघा. जुना 6 नंबरचा महामार्ग, आताचा 53, शहराच्या मधून जातो. सुरतेकडून नागपूरकडे जाणारी अवजड वाहतूक वर्षानुवर्षं याच रस्त्यावरून गेली. तिथे सात वर्षांच्या मुलाला सायकल घेऊन कोण पाठवेल?

सकाळचा फेरा

गिरणाकाठ भाऊ, मी सत्तरीचा आहे. अशी पाटी आमच्याही बागेला लागावी असं मला वाटतं. कारण सांगतो.

आमच्या फिरण्याच्या गटातल्या एका वहिनी कडेकडेने चालत होत्या. मागून 20 इंची सायकल आली आणि हँडलचं टोक त्यांच्या कोपराला लागलं. धक्का काही मोठा नव्हता. पण तोल गेला, त्यांनी हात टेकवला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, तरी अजून त्यांना भाकरी थापता येत नाही. पोरगा दहा वर्षांचा, घाबरून रडत उभा राहिला. त्याला काय बोलणार? त्याचे आईबाप बाकावर मोबाइल बघत बसले होते.

आमच्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस पुन्हा चालेल याची खात्री नसते. मुलांना रस्ता नाही म्हणता, मग आम्हाला कुठे आहे? फुटपाथवर गाड्या लावलेल्या आणि दुकानांचं सामान मांडलेलं. डॉक्टर रोज चालायला सांगतात. चालायला उरली ती बागच.

पांझरेचं पाणी

दोघांचंही खरं आहे. म्हणून वेळा वाटून द्या. सकाळी नऊपर्यंत फक्त चालणारे, संध्याकाळी पाच ते सात मुलं. वेळ पाळणं वॉचमनलाही सोपं. धुळ्यात काय, जळगावात काय, यापेक्षा जास्त डोकं लावायची गरज नाही.

भुसावळकर

दादा, हे जानेवारीत चालेल. एप्रिल-मेचं काय? आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नऊनंतर बाहेर पडवत नाही आणि संध्याकाळी सहापर्यंत पेव्हर ब्लॉकमधून वाफा निघत असतात. आणि शाळांना सुट्टी नेमकी तेव्हाच. म्हणजे म्हाताऱ्यांना आणि पोरांना बाहेर निघायला वेळ एकच: सकाळचे दोन-अडीच तास आणि दिवेलागणीनंतरचे दोन. ते कसे वाटणार? सकाळ काकांना दिली आणि पाच ते सात मुलांना, तर मे महिन्यात मुलांच्या वाट्याला निव्वळ ऊन येतं.

खानदेशात वेळ वाटून भागणार नाही, जागा वाटावी लागेल. बागेला कडेने फिरणारा ट्रॅक असतो तो चालणाऱ्यांचा, तिथे एकही सायकल नको. मधल्या चौकाभोवतीचा किंवा खेळण्यांच्या बाजूचा रस्ता मुलांच्या सायकलींना द्या. दोन्हींच्या मध्ये मेंदीचं कुंपण किंवा गुडघाभर उंचीचा लोखंडी पाइप. ज्या बागेत एवढी जागाच नाही तिथे बंदी ठेवा, मी हरकत घेणार नाही.

सकाळचा फेरा

जागा वाटा म्हणता, पण लहान कोण आणि मोठा कोण हे ठरवणार कसं? सोळा वर्षांचा दांडगा 'मी बारा वर्षांचा' म्हणाला, तर वॉचमन त्याचा जन्माचा दाखला मागणार का?

गिरणाकाठ

काका, वय विचारू नका, चाक बघा. चाकाचं माप टायरवरच छापलेलं असतं. 12 आणि 16 इंची सायकल म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतलं मूल, त्यातल्या निम्म्यांना मागे आधाराची चाकं. त्यांचा वेग चालणाऱ्या माणसाहून फार नसतो. पुढे 20 इंची. 24 आणि 26 ची सायकल जोर लावला की सहज ताशी पंधरा-वीस किलोमीटर धरते, आणि वेग दुप्पट झाला की धक्क्याचा जोर चौपट होतो. खरी भीती आहे ती त्यांची.

हे मी मनाचं सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना फुटपाथवर सायकल चालवता येते, पण चाक 26 इंचांपेक्षा लहान असलं तरच. जर्मनीत तर आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी गाड्यांच्या रस्त्यावर न जाता फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरून चालवावी असा कायदा आहे. रस्त्यावरच्या गाड्यांपासून लहान मुलाला आधी वाचवायचं, हा त्यामागचा विचार. आमचा मसुदा म्हणून 20 इंचांपर्यंत परवानगी म्हणतो. काका, तुम्ही 16 म्हणाल. त्यावर बोलू, पण माप ठरवूनच बोलू.

सातपुड्याची लेक

चाकाच्या मापावर माझी हरकत आहे. मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत यायला सायकल मिळते. योजना फार चांगली. मुलगी आठवीत पोचली की गळतीची भीती असते, सायकल आली की ती शाळेत येत राहते. पण कितीतरी मुलींनी तोपर्यंत सायकल धरलेलीच नसते. भावाची असते, तो देत नाही. तेरा वर्षांची मुलगी रस्त्यावर शिकायला निघाली की चार टारगट पोरं बघायला उभी. एकदा पडली की ती दुसऱ्या दिवशी येत नाही.

या मुलींना कुंपण असलेली, चार बायका बसलेल्या असतील अशी जागा लागते. म्हणजे बागच. तुमच्या 20 इंचांच्या नियमाने नेमक्या त्याच बाहेर राहतील, कारण त्यांची सायकल मोठ्या चाकाची. म्हणून नियमात लिहा की शिकणाऱ्या मुलींसाठी आठवड्यातले ठरलेले तास, बरोबर घरातलं किंवा शाळेतलं मोठं माणूस. त्या वेळेत चाकाचं माप बघायचं नाही.

भुसावळकर

ताई, हे कलम आधी घालायला हवं. आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

तापीथडी

आमना गावमा बगीचाच नही शे, ते पोरे सायकल कोठे चालाडतीन?

पांझरेचं पाणी

तापीथडी भाऊंच्या प्रश्नात बरंच काही आलं. गावात बाग नाही, पण शहरात ओपन स्पेस आहेत ना! राज्याच्या 2020 च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटरच्या पुढच्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा खुली ठेवावी लागते. आपल्याकडे प्लॉटिंग केवढं झालंय, म्हणजे कॉलनीगणिक एक तुकडा असायला हवा. जाऊन बघा, कुठे काटेरी बाभळी माजल्या आहेत, कुठे बांधकामाची खडी पडली आहे, कुठे कोणीतरी पत्र्याचं शेड ठोकलंय. त्यातले दोन-चार साफ करून मुरूम दाबून दिला तरी मोठ्या सायकलींचा प्रश्न मिटतो. बाग चालणाऱ्यांना राहील.

आणखी एक. ई-सायकलचं कोणी बोललं नाही. 250 वॉटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणारी सायकल केंद्रीय नियमांत मोटार वाहन धरली जात नाही. तिला नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही. म्हणजे 'बागेत वाहनांना बंदी' या जुन्या वाक्यात ती बसत नाही, आणि वजनाने साध्या सायकलीहून बरीच जड. तिचं नाव घेऊन बंदी लिहावी लागेल.

सकाळचा फेरा

ई-सायकलबद्दल पूर्ण सहमत. ओपन स्पेसबद्दलही.

सायकलवर नियम असणं यात नवीन काही नाही, हे तरुणांना सांगावंसं वाटतं. आमच्या तरुणपणी नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायची. तो हँडलखाली बांधायचा. रात्री दिवा नसला, डबलसीट दिसलं, की पोलीस धरायचे. आम्हाला त्यात अपमान वाटला नाही, कारण काय चालतं आणि काय नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा नियम करण्याला माझा विरोध नाही. तो पाळला जाईल का, याची मला काळजी आहे. एका वॉचमनकडे फाटक, पाण्याच्या मोटारी आणि झाडांना नळी, तो चाकं कधी मोजणार?

शिक्षिकाबाईंचं पटलं. माझी नात त्याच वयाची आहे.

गिरणाकाठ

मग पालिकेला द्यायच्या अर्जात असं घालतो: मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवा आणि तोवर पाटी उतरवा. कडेचा ट्रॅक फक्त चालणाऱ्यांचा. आतल्या रस्त्यावर 20 इंचांपर्यंतच्या सायकली, सोबत पालक, आणि पालकाने बाकावर न बसता मुलाजवळ राहायचं. मुलींच्या शिकण्याचे तास वेगळे. ई-सायकल आणि मोठ्या सायकलींना बंदी. कॉलनीतले ओपन स्पेस मोकळे करा. दंड पहिल्यांदा समज देऊन, पुढे पावती फाडून, आणि कोणाच्याही सायकलची हवा सोडायची नाही.

सकाळचा फेरा

16 इंच करा, तर सही करतो. त्या वहिनींना लागलं ते 20 इंचीनेच. आणि पावसाळ्याचं लिहा. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलं की ब्रेक लावताच चाक घसरतं. जून ते सप्टेंबर, फरशी ओली असेल त्या दिवशी सायकल आत नको.

गिरणाकाठ

पावसाळ्याचं घालतो. 16 वर मात्र मी येणार नाही, काका. आठ-नऊ वर्षांची सगळी मुलं बाहेर राहतील, आणि ती बाहेर म्हणजे रस्त्यावर.

सकाळचा फेरा

मग 16 ची हरकत मी माझ्या नावाने वेगळी देतो. बाकी अर्जावर सही घ्या. सकाळी साडेसहाला बागेत असतो, कागद घेऊन या.